साम्राज्य किती मोठे असावे?

नाताळच्या सुटीत माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे परभणीस आला होता. अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. येताना त्याने आपला लॅपटॉप आणला होता आणि दोन दिवस तो त्यावरून उठला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर हिंदुस्थानचा नकाशा होता आणि त्यावर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत एकच रंग पसरला होता. "मामा, हे बघा, दिल्लीचं साम्राज्य. पण दख्खनमधून वसूलच येत नाही. एवढं मोठं राज्य नीट चालवायचं तरी कसं?"

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण असले खेळ खेळत असतील. 'सिव्हिलायझेशन', 'एज ऑफ एम्पायर्स' ही नावे मलाही ऐकून ठाऊक होती. भाचा खेळत होता तो 'युरोपा युनिव्हर्सॅलिस' या मालिकेतला पाचवा खेळ. पॅरॅडॉक्स या स्वीडनमधील कंपनीने तो नोव्हेंबर २०२५ मध्ये बाजारात आणला. त्यात इतिहास सुरू होतो तो १३३७ साली, म्हणजे दिल्लीवर महंमद तुघलकाचे राज्य असताना. राजधानीपासून प्रांत जितका दूर, तितका त्यावरचा अंमल ढिला आणि वसूल कमी, असा त्या खेळाचा नियम आहे. २००५ च्या 'सिव्हिलायझेशन'मध्येही शहर राजधानीपासून जितके लांब तितका त्याच्या देखभालीचा खर्च अधिक, असा नियम होता. तेव्हा हे खेळ करणारे लोक अडाणी नाहीत. अंतर ही राज्यकर्त्याची मोठी अडचण असते हे त्यांना चांगले माहीत आहे.

तरीही या खेळांतून एक गोष्ट निसटते, आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या ती चटकन लक्षात येते. भाचा दिल्लीचा सुलतान होता, पण देवगिरीला बंड झाले की त्याच क्षणी पडद्यावर घंटा वाजे. त्याने बटण दाबले की त्याच क्षणी देवगिरीचे सैन्य हले. अंतराची किंमत खेळात पैशांत धरली होती. वेळेत धरलेली नव्हती. खऱ्या राजाला ही सोय कधीच मिळाली नाही. त्याला जे कळे ते शिळे असे, आणि तो जे सांगे ते पोहोचेपर्यंत शिळे होई.

किती शिळे? हा प्रश्न मोजमापाचा आहे, म्हणून थोडे आकडे पाहू या. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३३ साली हिंदुस्थानात आला. तुघलकाच्या डाकेचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. घोड्यांची डाक वेगळी आणि धावणाऱ्या माणसांची वेगळी. माणसांच्या डाकेत एका मैलात तीन ठाणी असत. धावणाऱ्याच्या हातात घुंगरे लावलेली काठी असे. तिचा आवाज ऐकताच पुढच्या ठाण्यावरचा माणूस कमर बांधून तयार राही. तो म्हणतो की, ही पायी डाक घोड्यांच्या डाकेहून जलद होती. सिंधहून दिल्लीपर्यंतचा प्रवास पन्नास दिवसांचा, पण सुलतानाला तिकडची बातमी पाच दिवसांत मिळे. कोणीच माणूस दमेपर्यंत धावत नसे, हेच त्यातले मर्म.

दिल्ली ते दौलताबाद हा प्रवास त्याने चाळीस दिवसांचा सांगितला आहे. त्याच प्रमाणाने बातमीस चार दिवस धरले, तरी सैन्याला चाळीस दिवस लागणारच. बातमी खांदा बदलत धावू शकते; सैन्याला, तोफांना आणि त्यांच्यामागच्या बैलांना स्वतःच्याच पायांनी जावे लागते. महंमद तुघलकाने यावर १३२७ साली एक उपाय करून पाहिला. त्याने दौलताबादला राजधानी केली, म्हणजे वर्तुळाचा मध्यच सरकवला. त्या हुकमाने लोकांचे जे हाल झाले त्यामुळे शाळेच्या पुस्तकात त्याची ओळख 'वेडा महंमद' अशी राहिली आहे. मला मात्र वाटते की, अडचण त्याने बरोबर ओळखली होती. मध्य सरकवला की एक कड जवळ येते आणि दुसरी दूर जाते, एवढेच त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. १३४७ साली त्याच दौलताबादेत बंड होऊन बहमनी राज्य उभे राहिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की सेलूनंतर थोड्याच वेळाने परतूर स्टेशन लागते. १९८१ साली जालना जिल्हा होईपर्यंत परतूर तालुका आपल्या परभणी जिल्ह्यातच होता. जुन्या कागदांत याचेच नाव पडतूर. मार्च १७६० मध्ये येथे मराठ्यांची मोठी छावणी पडली होती. नानासाहेब पेशवे, सदाशिवरावभाऊ आणि इतर सरदार जमले, आणि भाऊंनी उत्तरेस जावे असे येथे ठरले. पानिपतचे सैन्य निघाले ते असे आपल्या दाराशेजारून.

त्या छावणीच्या आधीच्या तारखा पाहा. दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले ती तारीख १० जानेवारी १७६०. निजामाविरुद्ध उदगीरची लढाई मराठ्यांनी जिंकली ती फेब्रुवारीच्या आरंभी. दत्ताजी गेल्याची बातमी दक्षिणेत येऊन पोहोचली ती उदगीर जिंकून झाल्यावर. म्हणजे उदगीरला विजयाच्या तोफा उडाल्या, तेव्हा उत्तरेतला डाव तीन आठवड्यांपूर्वीच बिघडून गेला होता. पडद्यावरच्या खेळात असे कधीही घडू शकत नाही, कारण तेथे सर्वांचे घड्याळ एकच असते.

पुढचा हिशेब याहून कठोर आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तिची पहिली खबर पेशव्यांना सावकारांच्या एका पत्रातून कळली, २४ जानेवारीच्या सुमारास, भेलशाजवळ. म्हणजे आजच्या विदिशाजवळ. नकाशावर सरळ रेषेत मोजले तर पानिपत ते विदिशा सुमारे ६५० किलोमीटर भरते. दहा दिवसांत ६५० म्हणजे दिवसाला ६५ किलोमीटर. सावकारांचे जासूद त्या काळी अतिशय वाकबगार मानले जात, तेव्हा हा वेग चांगलाच म्हटला पाहिजे.

आता समजा, पानिपतावरून भाऊंना काही विचारायचे आहे. डिसेंबरच्या अखेरीस पेशवे पैठणला होते. पानिपत ते पैठण सरळ रेषेत सुमारे ११०० किलोमीटर. दिवसाला ६५ प्रमाणे प्रश्न पोहोचायला १७ दिवस, उत्तर परत यायला १७ दिवस, एकूण ३४. पानिपतावर दोन्ही सैन्ये समोरासमोर बसली होती ती नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारीपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ दिवस. एवढ्या काळात फार तर दोन प्रश्न आणि दोन उत्तरे! तेही वाटा मोकळ्या असत्या तर; अब्दालीने यमुना ओलांडून नेमकी दिल्लीकडची वाट अडवून धरली होती. हेच अंतर तोडायला प्रकाशाला सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहूनही कमी वेळ लागतो.

आमच्या महाविद्यालयात दर वर्षी कोणी तरी विद्यार्थी मला सांगतो की, भाऊंनी अमुक करायला हवे होते, पेशव्यांनी तमुक पाठवायला हवे होते. या मुलांचे वाचन कमी नसते. पण ती सगळी लढाई वरून, नकाशावर, एका क्षणात पाहत असतात. गेल्या काही वर्षांत हे वाढले आहे असे माझे मत आहे, आणि त्याचे एक कारण हे खेळ असावेत. दोनशे पासष्ट वर्षांपूर्वीच्या माणसांना आपण अशा माहितीच्या आधारे नापास करतो, जी त्यांच्या हातात कधीच नव्हती. शिक्षकांनी या खेळांवर सरसकट बंदी घालावी असे मी म्हणणार नाही. मुले ऐकणारही नाहीत. पण तो खेळ म्हणजे इतिहासाचा अभ्यास, असे जेव्हा कोणी म्हणते तेव्हा मला बोलावेसे वाटते.

म्हणून मी भाच्यापुढे एक अट ठेवली. राजाने माजघरात बसावे, साम्राज्य बैठकीच्या खोलीत राहील. त्याने पडदा पाहायचा नाही. मी लॅपटॉपसमोर बसेन, तो चिठ्ठीवर हुकूम लिहील. चिठ्ठी मी खेळातले दोन महिने उलटल्यावरच उघडीन. मी लिहिलेला अहवालही त्याला दोन महिन्यांनीच मिळेल. मामीने हरकाऱ्याचे काम पत्करले, कारण तिला तसेही दोन्ही खोल्यांतून जावे लागत होते.

पहिल्याच तासात राज्याची दैना झाली. तिजोरीत पैसा कमी असल्याचे कळताच त्याने कर वाढवायची चिठ्ठी पाठवली. पुढचा अहवाल आला तो जुनाच, त्यात पैसा कमीच होता. त्याने पुन्हा कर वाढवला. तिसऱ्यांदाही तेच. मग तिन्ही वाढींचा परिणाम एकदम दिसू लागला आणि चार प्रांतांत दंगे झाले. घाबरून त्याने करात मोठी सूट दिली, तीही दोनदा.

हे पदार्थविज्ञान तुम्ही रोज न्हाणीघरात अनुभवता. गच्चीवर सौर बंब आहे, नळ खाली आहे. नळ सोडला की आधी नळीतले थंड पाणी येते. तुम्ही गरम पाण्याची चकती आणखी फिरवता, आणखी फिरवता, आणि मग एकदम चटका बसतो. की लगेच उलटी फिरवता, मग गारठता. नळ चांगला आहे, बंबही चांगला आहे. दोष आहे तो कृती आणि परिणाम यांच्यातल्या विलंबाचा. विलंब जितका मोठा तितका हात हलका हवा, नाही तर झोके वाढत जातात. अभियंते यंत्रांच्या नियंत्रणाचा विचार करताना हाच विलंब मोजतात.

आणखी एक प्रकार घडला, तो सांगायला मला थोडी लाज वाटते. मध्यंतरी माझ्या हातून एक किल्ला गेला. अहवालात मी ते लिहिले नाही. पुढच्या दोन महिन्यांत किल्ला परत घेऊ, मग राजाला कळवायचे कारणच काय, असे मला वाटले. मी बारा-पंधरा फुटांवर बसलो होतो, शिक्षा होण्याचे भय नव्हते, आणि राजा माझा सख्खा भाचा होता! खेळाच्या पडद्यावर वरच्या पट्टीत जे आकडे असतात ते नेहमी खरे असतात. खऱ्या दरबारात मात्र प्रत्येक आकडा कोणी तरी माणूस लिहीत असे, आणि त्याला काही ना काही लपवायचे असे. पेशवाईत गावच्या कुलकर्ण्याचा हिशेब परगण्याच्या देशपांड्याच्या दप्तराशी ताडून पाहत, तो उगाच नव्हे.

मग अशा स्थितीत साम्राज्य चालायचे कसे? येथे मी एक ढोबळ गणित मांडतो. इतिहासाचे प्राध्यापक मला हसतील, पण त्यांनी वहीवर करून पाहावे. समजा, एखादे बंड ३० दिवसांत मोडले नाही तर ते आवाक्याबाहेर जाते. हे ३० माझे गृहीत आहे. बातमीचा वेग दिवसाला ६५ किलोमीटर हा वर आलाच आहे. तोफा आणि बाजारबुणगे यांसह सैन्याचा वेग दिवसाला १५ धरू. हाही उदार मनाने धरला आहे, कारण भाऊंचे सैन्य मार्चच्या मध्यास पडतूरहून निघाले ते दिल्लीला पोहोचले ऑगस्टच्या आरंभी. राजधानीपासून बंडाचे अंतर 'र' असेल, तर बातमी यायला र/६५ दिवस आणि सैन्य जायला र/१५ दिवस लागतील. दोहोंची बेरीज ३० ठेवली की र येतो सुमारे ३६५ किलोमीटर.

आता पुण्यावर परकाराचे टोक ठेवा आणि ३६५ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. परभणी सुमारे ३२० वर, म्हणजे आत. उदगीरही काठाला का होईना, आत. बडोदे सवाचारशेच्या आसपास, बाहेर. इंदूर पाचशेच्या पुढे, उज्जैन साडेपाचशे, नागपूर सहाशेच्या पुढे, ग्वाल्हेर साडेनऊशे. गायकवाड, होळकर, शिंदे, भोसले! ज्यांना आपण पेशव्यांचे मोठे सरदार म्हणतो, त्यांची ठाणी नेमकी या वर्तुळाच्या बाहेर पडतात. तेवढ्या दूर पुण्याहून वेळेवर कुमक जाणे शक्य नव्हते, म्हणून तेथे ज्याची फौज, खजिना आणि निर्णय तिथल्या तिथे आहे असाच माणूस हवा होता. एवढ्या एका कारणाने सगळा इतिहास घडला असे मी म्हणत नाही. प्रत्येक घराण्याचा उदय स्वतःच्या पराक्रमाने आणि निराळ्या कारणांनी झाला आहे. पण सरंजामी व्यवस्थेला केवळ ढिलेपणा म्हणून मोडीत काढण्याआधी हे वर्तुळ एकदा काढून पाहावे. भाच्याच्या खेळात अशा स्वायत्त सरदारांना अकार्यक्षमता समजून लवकरात लवकर संपवायचे असते.

त्या व्यवस्थेची किंमतही मोठी होती. ज्याच्याजवळ स्वतःची फौज, तो केव्हा तरी स्वतःचा धनी होणारच. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ खुद्द पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव वसईस इंग्रजांकडे गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी वसईचा तह झाला.

तुम्ही म्हणाल, हे सर्व घोड्या-बैलांच्या काळातले. तार आली, रेल्वे आली, आता तर मोबाइल आहे. तार आल्यावर बातमी पायांपासून सुटली हे खरे. पण विलंब गेला असे समजू नका. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा ते पृथ्वीपासून सुमारे २२ कोटी किलोमीटर दूर होते. प्रकाशाला तेवढे अंतर तोडायला सुमारे १२ मिनिटे लागतात. इंजिन केव्हा पेटवायचे, किती वेळ चालू ठेवायचे, याच्या आज्ञा शास्त्रज्ञांनी यानात कित्येक दिवस आधीच भरून ठेवल्या होत्या. ऐन वेळी बंगळूरात बसून कोणी काही करू शकले नसते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम चंद्रावर उतरला तोही अखेरच्या टप्प्यात स्वतःच निर्णय घेत. दूरच्याला आधी शिकवून ठेवायचे आणि मग त्याच्यावर सोडायचे, हा उपाय इस्रोलाही टाळता आला नाही.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. तो आपल्या जिल्ह्यात येऊन संपतो. कालव्यातले पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहते असे धरले, तर दिवसाला ८६ किलोमीटर होतात. म्हणजे पैठणला दार उघडल्यावर टेलच्या शेतकऱ्याला पाणी दिसायला किमान अडीच दिवस हवेत. मधल्या चाऱ्या, गळती आणि गाळ धरला तर आणखी. शेतकऱ्याचा फोन पैठणला एका सेकंदात पोहोचतो, पण पाण्याची चाल आजही पेशव्यांच्या जासुदाच्याच जातीची आहे! पिकाने मान टाकल्यावर टेलचा माणूस फोन करील आणि मग आपण दार उघडू, असे म्हणून चालत नाही. त्याची गरज तीन दिवस आधी ओळखावी लागते, किंवा त्याच्या शेजारी राहणाऱ्या कोणाला तरी निर्णयाचा अधिकार द्यावा लागतो. आपण परभणीकर कोणत्याही नकाशात बहुधा टेललाच असतो. पूर्वी हैदराबादेपासून दूर, आता मुंबईपासून दूर. मध्यावर बसलेल्याला आपले राज्य कार्यक्षम चालले आहे असे वाटते, तेव्हा काठावर काय दिसते, हे आपल्या मुलांना इतरांपेक्षा लवकर समजायला हवे. पडद्यावर तीच मुले सम्राट होऊन बसतात आणि काठाकडचा रंग पाहून वसूल का येत नाही म्हणून चिडतात, ही मला गंमतही वाटते आणि थोडे वाईटही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, चिठ्ठ्यांचा हा प्रयोग वर्गात जरूर करावा. संगणक नसला तरी अडत नाही. फळ्यावर मराठवाड्याचा नकाशा, दोन खोल्या आणि एक धावणारा मुलगा पुरतो. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून केला तर अधिक चांगले.

भाच्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठ्या कमी केल्या. "कर वाढवा" ऐवजी "पाऊस चांगला झाला असेल तरच कर वाढवा" असे तो लिहू लागला. संध्याकाळी त्याने एक लांब चिठ्ठी पाठवली. तीत दख्खनचे सैन्य, वसूल आणि तह सगळे माझ्यावर सोपवले होते, आणि शेवटी लिहिले होते, "किल्ला गेला असेल तर तेही कळवावे." मामीने त्याला काही सांगितले होते की त्याने ओळखले, कोण जाणे.

जाता जाता तुमच्यासाठी एक गणित. वरच्या हिशेबात तोफा आणि बाजारबुणगे मागे ठेवून नुसते घोडदळ निघाले, आणि सैन्याचा वेग १५ ऐवजी २५ किलोमीटर झाला असे धरा. नवे वर्तुळ पुण्याभोवती काढा आणि वर दिलेल्या शहरांपैकी कोणती आत आली ते पाहा. मग तेच वर्तुळ परभणीवर टोक ठेवून काढा.